मांजरांची खानेसुमारी

सन १९०८ साली, म्हणजे वाशीमचा जुना जिल्हा मोडून त्याचा मुलूख अकोला आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांत वाटला गेला त्याला जेमतेम तीन वर्षे लोटली असताना, अमरावतीचे सिव्हिल सर्जन लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या विलायती वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. निबंधाचा विषय प्लेग हा होता यात नवल नव्हते, कारण त्या काळी हिंदुस्थानात नोकरीस असलेल्या बहुतेक प्रत्येक गोऱ्या डॉक्टरास प्लेगावर काही ना काही लिहावयाचे असे. नवल होते ते त्यांनी सुचविलेल्या उपायाचे. घरोघर मांजर पाळावे, एवढाच तो उपाय होता. आणि त्याच्या पुष्ट्यर्थ त्यांनी जो पुरावा पुढे ठेवला तो असा की, गावातील घरांची आणि त्या घरांतील मांजरांची मोजदाद शेजारी शेजारी मांडून पाहिली असता, घरांच्या मानाने मांजरे जेथे पुष्कळ तेथे प्लेग नाही अथवा नाममात्र, आणि जेथे मांजरे तुरळक तेथे त्याचा कहर, असे दिसून येते. खानेसुमारी हा फारसी वळणाचा शब्द मुळात घरांच्याच मोजणीचा आहे. खाना म्हणजे घर, शुमार म्हणजे गणती. माणसांची शिरगणती त्या शब्दाच्या पोटात मागाहून शिरली. तेव्हा ब्यूकॅननसाहेबांनी केली ती शब्दशः खानेसुमारी होती, आणि सरकारी दफ्तरात मार्जारजातीस असा मान मिळाल्याचे दुसरे उदाहरण निदान मला तरी ठाऊक नाही.

मुंबईच्या मांडवी वस्तीत डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने १८९६ च्या सप्टेंबरात गाठीच्या तापाचा रोगी ओळखला, तेथपासून पुढली दहा-बारा वर्षे महाराष्ट्राने जे भोगले त्याची कथा येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. उंदीर, त्याच्या अंगावरची पिसू आणि माणूस अशी या रोगाची साखळी आहे, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत दाखवून दिले. परंतु त्याच्या म्हणण्यास शास्त्रीय जगाची संमती मिळण्यास १९०५ नंतरच्या प्लेग संशोधन मंडळाचे प्रयोग व्हावे लागले. आमच्या खेड्यापाड्यांतील रयतेला साखळीचे ज्ञान नसले तरी तिचे पहिले टोक तिने बिनचूक पकडले होते. "उंदीर पडले" एवढे दोन शब्द कानी आले की पटवाऱ्याची वर्दी तहसिलीत पोहोचण्याच्या आत अर्धे गाव मळ्यात झोपड्या घालून राहावयास जाई.

आणि उंदीर वऱ्हाडात पडणार नाहीत तर कोठे पडणार? ज्या घरात वर्षाची ज्वारी पेवात, कणगीत किंवा भिंतीच्या पोटातील बळदात साठविलेली, ज्याच्या गोठ्यात बैलांसाठी सरकीचा ढीग आणि ज्याच्या धाब्याखाली मातीचा जाड थर, ते घर उंदराच्या दृष्टीने वतनच होय. कापडाचा धंदा वाशीमला पूर्वापार होता. १७६९ च्या कनकापूरच्या तहात नागपूरकर भोसल्यांनी पेशव्यांस द्यावयाच्या ऐवजात वाशीम व बाळापूर येथील कापडाचा उल्लेख येतो, आणि जेथे कापडाचे गठ्ठे तेथे ते कुरतडणारेही असणारच. पुढे रुई आली, जिनिंगचे कारखाने आले, मूर्तिजापुराहून यवतमाळकडे जाणारी अरुंद रुळांची आगगाडी कारंज्याच्या ठेसनावर फुसफुसू लागली, आणि सरकीचे ढीग गोठ्यातून निघून गावाच्या वेशीशी डोंगराएवढे वाढले. उंदरांचा हा उत्कर्ष व्यापाराच्या उत्कर्षाबरोबरच झाला, हे इतिहासकारांनी नमूद करावयास हवे होते.

ब्यूकॅननसाहेबांचे म्हणणे सर्वस्वी खरे ठरले असे नाही. मांजरालाही प्लेग होतो, आणि आजारी मांजराकडून तो माणसाला जडू शकतो, हे पुढे अमेरिकेच्या पश्चिम भागातील रोग्यांवरून निर्विवाद सिद्ध झाले. तथापि त्याच १९०८ सालच्या उन्हाळ्यात जपानच्या भेटीवर गेलेल्या रॉबर्ट कॉख यांच्यासारख्या जंतुशास्त्राच्या आद्याचार्यानेही तेथील सरकारास मांजरे पाळण्याचाच सल्ला दिला होता, हे ध्यानी घेता अमरावतीचा सिव्हिल सर्जन विक्षिप्त होता असे म्हणता येणार नाही. त्याच्या निबंधाने एक प्रश्न मात्र अनुत्तरित ठेवला. मांजर पाळावे हे ठीक, पण कोणते? कारण जे मांजर चुलीच्या उबेला दिवसभर वेटोळे करून पडते आणि ज्याच्या मिशीवरून उंदीर धावत गेला तरी डोळा उघडत नाही, त्याची खानेसुमारीत गणना झाली काय आणि न झाली काय सारखेच.

या प्रश्नाचे उत्तर वऱ्हाडातील गृहिणींपाशी तयार होते. माझ्या आजीच्या पिढीला मांजर विकत घेणे ही कल्पनाच ठाऊक नव्हती. मांजर मागून आणावयाचे असे, आणि ते मागावयास जाण्यापूर्वी गावातील कोणत्या घरची भाटी कशी आहे याची चौकशी वर्ष-सहा महिने आधीपासून मनोमन चाललेली असे. कोणाच्या मांजरीने पेवाच्या तोंडाशी रात्रभर बैठक मारून किती घुशी मारल्या, कोणाची मांजरी दुधाच्या पातेल्याला तोंड लावते, कोणाची पिले डोळ्यांना चिकटा धरून वरचेवर दगावतात, ही सर्व माहिती नदीवर धुणे धुताना नोंदविली जात असे, आणि ती नोंद कोणत्याही सरकारी बाडापेक्षा अधिक विश्वसनीय होती. मी लहानपणी शेजारच्या घरी पांढरेशुभ्र पिल्लू पाहून त्यासाठी हट्ट धरला, तेव्हा आजीने मला दिलेले उत्तर आजही कानात आहे: "पिल्लं त सारेच गोजिरे रायतेत, बापा, तिची माय पाह्य पयले." माय पाहिली, आणि ते पिल्लू आमच्या घरी आले नाही. त्याऐवजी गल्लीच्या टोकाकडून एक राखी, पट्टेदार, दिसावयास अगदीच सामान्य असे पिल्लू आले. पण तेही मागितल्याबरोबर मिळाले नाही. त्या घरच्या म्हातारीचा शिरस्ता असा होता की, मांजरी स्वतः उंदीर मारून आणून पिलांपुढे टाकू लागेपर्यंत आणि पिले त्याच्याशी झोंबू लागेपर्यंत एकही पिल्लू उंबऱ्याबाहेर जावयाचे नाही. आणि नेणाऱ्याच्या घरी तान्हे मूल, पिसाळू कुत्रे अथवा दुसरा बोका आहे की काय, हेही ती विचारून घेत असे. पिल्लू देताना तिने पैसा घेतला नाही, परंतु आजीकडून एक वचन घेतले: नाही जमले तर रस्त्यावर सोडावयाचे नाही, परत आणून द्यावयाचे. मांजरी आपल्या पिलांना सात घरे फिरविते असा आमच्याकडे समज आहे. त्या म्हातारीला आठवे घर स्वतः पारखून घ्यावयाचे होते, एवढेच.

असे असूनही मराठी म्हणींनी मांजराला फारसा न्याय दिलेला नाही. उंदराला साक्ष म्हणून ते उभे केले जाते, शिंके तुटल्याचा लाभ बोक्याच्या नावावर मांडला जातो, आणि डोळे मिटून दूध पिण्याचा आरोप तर त्याच्यावर कायमचा शाबीत आहे. मनुस्मृतीने दांभिकाला बैडालव्रतिक म्हणून ठेवले, पंचतंत्राने ससा आणि चिमणा यांचा कज्जा तोडण्यासाठी दधिकर्ण नावाच्या मांजराला पंच नेमून दोघांनाही त्याच्या पोटात घातले. एका बाजूने ही बदनामी, आणि दुसऱ्या बाजूने मांजर मारणाराला सोन्याचे मांजर काशीस वाहावे लागते ही धास्ती. या दोहोंच्या मध्ये घरातल्या मांजराने आपला कारभार शतकानुशतके बिनबोभाट चालविला.

बैलाची गोष्ट अर्थातच वेगळी होती, कारण बैलाला पैसा पडत असे, आणि जेथे पैसा तेथे परीक्षा अवघड. बैलबाजारात हेडी आणि गिऱ्हाईक धोतराच्या सोग्याखाली हात घालून बोटांच्या खुणांनी सौदा करीत. पण त्यापूर्वी जनावराचे तोंड उघडून आदत आहे, दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळले आहे हे पाहिले जाई, नाकपुडी ओली आहे की कोरडी हे हाताने चाचपले जाई, भोवरे शुभ की अशुभ हे शेपटीपासून कपाळापर्यंत मोजले जाई, आणि शेवटी चार पावले चालवून खूर सरळ पडतो की नाही याची खातरी केली जाई. इतके करूनही जाणता शेतकरी बाजारातले जनावर घेण्यापेक्षा ज्या गोठ्यात त्याची गाय अद्याप बांधलेली आहे अशा गोठ्यातले गोऱ्हे पसंत करी. खाण तशी माती, हे त्याचे शास्त्र. आणि खाण पाहावयाची तर खाणीपाशी गेले पाहिजे, बाजारात माती तेवढी दिसते. मानोऱ्याजवळील पोहरादेवीच्या यात्रेस जमणाऱ्या बंजारा समाजाच्या तांड्यांनी आपली उंच, सडपातळ, चपळ कुत्री पिढ्यान्‌पिढ्या अशीच राखली. त्यांच्यापाशी वंशावळीचा कागद नव्हता, पण कोणती कुत्री कोणत्या तांड्याची हे नाईकाला तोंडपाठ असे.

येथे थोडे विषयांतर करून शब्दाकडे वळण्याचा मोह आवरत नाही, कारण वाशीम हे शब्दांचे गाव आहे. वाकाटकांच्या धाकट्या पातीची राजधानी जे वत्सगुल्म ते हेच; राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह लावला तो याच नगरात. येथील राजा सर्वसेन याने 'हरिविजय' हे काव्य प्राकृतात रचले, आणि त्याचा पुत्र दुसरा विंध्यशक्ती याचा १९३९ साली वाशीमला उजेडात आलेला ताम्रपट अर्धा संस्कृतात, अर्धा प्राकृतात आहे. मार्जार या संस्कृत शब्दाची 'मंजर' आणि 'वंजर' अशी दोन प्राकृत रूपे बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या व्याकरणात दिलेली आहेत. आपण मराठीत पहिले रूप ठेवले. दुसरे टिकते तर आज आपण घरोघर वंजरे पाळीत असतो.

याच हेमचंद्राचे मांजराशी दुसरेही एक नाते आहे, आणि ते प्रस्तुत विषयाच्या अगदी गाभ्याचे आहे. 'योगशास्त्र' या ग्रंथात जैन श्रावकाने वर्ज्य करावयाचे जे पंधरा धंदे त्याने सांगितले, त्यांत असतीपोषण म्हणून एक आहे; आणि त्याच्या व्याख्येत, द्रव्यार्जनासाठी मैना, पोपट, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर यांची पैदास करणे हे दासी पाळण्याच्या पापाबरोबर एकाच पंक्तीत बसविलेले आहे. दिगंबर परंपरेतील आशाधराच्या 'सागारधर्मामृता'तही या पंधरा खरकर्मांचा विचार आढळतो. कारंजे हे भट्टारकांच्या गाद्यांचे आणि हस्तलिखितांच्या भांडारांचे गाव, शिरपूर हे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे क्षेत्र. तेव्हा आजच्या वाशीम जिल्ह्याच्या भूमीत हा निषेध कोणाच्या कानी पडलाच नाही असे म्हणता यावयाचे नाही. कारंज्याच्या भांडारातील अपभ्रंश पोथ्यांमधून डॉ. हिरालाल जैन आणि डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी १९३० च्या सुमारास 'जसहरचरिउ', 'णायकुमारचरिउ' यांसारखी रत्ने छापून काढली. ती रत्ने शतकानुशतके उंदरांच्या दातांतून वाचली ती मांजरांच्या साह्याने नव्हे, तर कापडी वेष्टने, लाकडी फळ्या आणि माणसांची देखरेख यांच्या बळावर. मला स्वतःला या निषेधात कर्मठपणापेक्षा दूरदृष्टीच अधिक दिसते. हेमचंद्राने मांजर पाळण्यास हरकत घेतली नाही. त्याने 'द्रव्यार्जनासाठी' हा शब्द घातला. ज्या क्षणी पिलाचे मोल रुपयांत होते त्या क्षणी मांजरी ही जननी न राहता टांकसाळ होते, आणि टांकसाळीला विश्रांती देण्याचे कोणाच्याही मनात येत नाही, हे त्याने ओळखले असावे.

रुपयांत मोल होणारे मांजर दक्षिणेत प्रथम आले ते लांब केसांचे. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले याने सतराव्या शतकाच्या आरंभी खोरासानातील राखी, रेशमी केसांच्या मांजरांचे वर्णन करून, पोर्तुगिजांनी ती इराणातून हिंदुस्थानात नेल्याचे लिहून ठेवले. या बाबतीत वऱ्हाडशी प्रत्यक्ष संबंध असलेला साक्षीदार हवा असेल तर तोही हजर आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, ज्याला आपण पेशवाई बुडविणारा पुण्याचा रेसिडेंट म्हणून ओळखतो, तो १८०३ च्या नोव्हेंबरात आर्थर वेलस्लीच्या लष्कराबरोबर अडगावच्या लढाईत आणि डिसेंबरात गाविलगडच्या वेढ्यात वऱ्हाडच्याच मातीत उभा होता. पुढे नागपूरच्या भोसल्यांकडे वकिली करून तो १८०८ साली काबूलच्या शहाकडे गेला, आणि १८१५ साली छापलेल्या आपल्या काबूलविषयक ग्रंथात त्याने असे नमूद केले की, बुराक नावाची लांब केसांची मांजरे तेथून मोठ्या संख्येने बाहेर पाठविली जातात, सर्वत्र त्यांस इराणी मांजरे म्हणतात, परंतु खुद्द इराणात ती फारशी नाहीत आणि तेथून क्वचितच कोठे जातात. अर्थात जिला आपण आज 'पर्शियन' म्हणून मिरवितो तिच्या नावातच व्यापाऱ्याची थाप दडलेली आहे, आणि ती थाप दोनशे वर्षांपूर्वी एका सावध मुत्सद्द्याने पकडली होती. हिंगाच्या व सुक्या मेव्याच्या काफिल्याबरोबर आलेल्या मांजराची आई पाहण्यास काबूलला कोण जाणार? विकत घेणारा आणि खाण यांच्यामध्ये हजार कोसांचे अंतर पडले की विकणारा सांगेल ते कूळ आणि सांगेल तो मुलूख मान्य करावा लागतो.

हे अंतर भरून काढण्यासाठी कागद निघाला. १८७१ च्या जुलैत लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर या चित्रकाराने मांजरांचे प्रदर्शन भरविले, १८८७ साली तेथे राष्ट्रीय मांजर मंडळ स्थापन होऊन वंशावळीची नोंदवही सुरू झाली, १९०६ साली अमेरिकेत आणि १९१० साली पुन्हा इंग्लंडात मोठी नोंदणी मंडळे उभी राहिली. ज्यांना या गोष्टीचे अप्रूप वाटत असेल त्यांनी आपल्या वतनदारांचे कुर्सीनामे आठवावेत. देशमुखी-देशपांडेपणाच्या तंट्यात पिढ्यांचा पट मांडून, त्याला महजराची जोड देऊन, हक्क शाबीत करण्याची जी पद्धत आमच्या पूर्वजांच्या अंगवळणी पडली होती तीच पद्धत विलायतेने मांजराला लागू केली. किंबहुना वाशीमच्या त्या ताम्रपटातही, गाव कोणाला दिले हे सांगण्यापूर्वी, प्रवरसेनाचा पौत्र, सर्वसेनाचा पुत्र, असा दात्याचा कुर्सीनामा आरंभीच कोरलेला आहे. परंतु खोटे कुर्सीनामे करणारे कारकून ज्या मुलखात हयात होते त्या मुलखाच्या माणसाला कागदाची किंमत आणि कागदाची मर्यादा दोन्ही समजावयास हव्यात. खुद्द वेअरने मांजर मंडळाचे अध्यक्षपद सोडले ते, येथील सभासदांना मांजराच्या सुखापेक्षा बक्षिसांचीच चाड अधिक आहे, अशी तक्रार करून.

त्याची तक्रार पुढल्या शतकाने खरी केली. चपटे तोंड प्रदर्शनात शोभते म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चपट्याशी चपटे जुळवीत गेल्याने फारशी मांजराचे नाक दोन डोळ्यांच्या मध्ये जाऊन बसले, अश्रूंची वाट बुजली आणि श्वास घोरू लागला. वैशाखात आमच्याकडे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर चढतो तेव्हा अशा जनावराचे काय होत असेल याची कल्पना करावी. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा एक आनुवंशिक विकार या जातीत इतका पसरला की ठिकठिकाणच्या पाहण्यांत तीन मांजरांमागे एकाहून अधिक बाधित निघाली. या विकाराचा कावा असा की आईबापांपैकी एकाकडून दोष आला तरी पुरे होतो, पिल्लू वर्ष-दोन वर्षे बागडते, आणि व्याधी उघड होते ती बहुधा वयाच्या मध्यावर, जेव्हा विकणाऱ्याचे नावही आपण विसरलेले असतो. २००४ साली या दोषाचे मूळ जनुक सापडले, आणि तेव्हापासून आईबापांची एकदाच केलेली चाचणी पुढल्या सर्व पिलांबद्दलचा संशय मिटवू शकते. दुमडलेल्या कानांच्या स्कॉटिश मांजराबद्दल तर बोलणेच नको. जो दोष कान दुमडतो तोच सांधेही आखडतो, हे ठाऊक झाल्यावर इंग्लंडच्या नोंदणी मंडळाने १९७० नंतरच्या दशकात त्या जातीची नोंद बंद केली, तरी आमच्याकडे असे कान अद्याप कौतुकाने दाखविले जातात.

वाशीम १ जुलै १९९८ रोजी पुन्हा जिल्ह्याचे ठाणे झाले, आणि त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत गावाच्या नव्या वसाहतींत धाबे जाऊन स्लॅब आले, बळदे जाऊन डबे आले, आणि उंदरांशी काहीएक कर्तव्य नसलेली मांजरेही आली. आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी मुलीच्या वाढदिवसानिमित्त दूरच्या शहरातून एक फारशी पिल्लू मागविले. छायाचित्रात ते कापसाच्या पेळूसारखे दिसत होते. प्रत्यक्षात रात्रीच्या खाजगी बसमधून जाळीच्या टोपलीत आले तेव्हा त्याच्या डोळ्यांस चिकटा, कानांत काळी कोंड, पोट नगाऱ्यासारखे आणि शेपटीखालची जागा ओली होती. विकणाऱ्याने वय दोन महिने सांगितले होते. अकोल्याच्या पदव्युत्तर पशुवैद्यक संस्थेतील डॉक्टरांनी दात पाहून पाच आठवडे सांगितले. बैलाचे दात पाहिल्यावाचून ज्यांच्या वडिलांनी कधी पैसा टाकला नाही, त्या गृहस्थांना मांजराचेही दात पाहावयाचे असतात हे त्या दिवशी प्रथम कळले. पिल्लू चौथ्या दिवशी गेले. त्याच्याबरोबर आलेला वंशावळीचा कागद मात्र ठणठणीत होता. त्यावर चार पिढ्यांची इंग्रजी नावे सोनेरी अक्षरांत छापलेली होती.

मला त्या कागदाची चीड आली नाही. चीड आली ती या गोष्टीची की, त्या गृहस्थांनी जे प्रश्न विचारावयास हवे होते ते सर्व गल्लीच्या टोकावरील म्हातारीला ठाऊक होते, आणि ज्याला आज जबाबदार पैदासकार म्हणतात तो माणूस तिच्याहून वेगळे फारसे काही करीत नाही. तोही प्रथम आई दाखवितो, आणि ती पिंजऱ्यात नव्हे, घरात वावरताना दाखवितो. बाप परगावचा असेल तर त्याच्या मूत्रपिंडाच्या व हृदयाच्या चाचणीचे कागद पुढे ठेवितो. तिचे पिल्लू उंदराशी झोंबू लागल्यावाचून बाहेर जात नसे, याचे बारा ते तेरा आठवड्यांपूर्वी जात नाही, आणि तेवढ्या मुदतीत त्याला जंताचे औषध व मांजरांच्या संसर्गजन्य आमांशाच्या आणि सर्दीच्या प्रतिबंधक लसी मिळालेल्या असतात. वर्षात किती वेळा वीण झाली असे विचारले असता तो रागावत नाही. तोही तुमच्या घरी कोण कोण आहे, खिडक्यांना जाळी आहे काय, उन्हाळ्यात पंखा चालतो काय, हे विचारतो. उत्तर न पटल्यास पैसे परत करतो आणि पिल्लू ठेवून घेतो. न जमले तर परत आणा, ही त्याचीही अट असते. फरक असेल तर एवढाच की तो पैसा घेतो. आणि पैसा घेऊनही हेमचंद्राच्या व्याख्येतून निसटावयाचे असेल तर त्याने मांजरीला टांकसाळ होऊ देता कामा नये. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी केंद्र सरकारने २०१७ साली स्वतंत्र नियम केले, पाळीव प्राण्यांच्या दुकानांना २०१८ च्या नियमांनी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली. घरगुती मांजर-पैदाशीला मात्र असा खास कायदा अद्याप नाही, त्यामुळे येथे अंमल चालावयाचा तो विकत घेणाराच्या डोळ्यांचाच.

आणि डोळ्यांना फार विद्या लागते असेही नाही. पिल्लू भुकेच्या वेळी पाहावे, झोपेतून उठविलेले पाहू नये; सुताचा दोरा जमिनीवरून ओढला असता ते धावते की कोपऱ्यात दबून बसते ते पाहावे; डोळे निर्मळ, नाक किंचित ओले, कान गुलाबी, हिरड्या फिक्या नव्हेत, केस फुंकर घालून उलटे केले असता खाली पिसवांची काळी कणी नाही, पोट भरलेले पण ताठ नाही, आणि त्याची भावंडेही तशीच आहेत, इतके पाहिले तरी पुष्कळ झाले. भावंडे दाखविण्यास जो टाळाटाळ करतो त्याच्या दारातून चहासुद्धा न घेता उठावे.

आमच्या घरी सध्या जी मांजरी आहे ती त्या राखी, पट्टेदार घराण्याचीच, असे मी मानतो. मधले दोन-तीन दुवे कागदोपत्री सिद्ध करता येणार नाहीत. विसाव्या पशुगणनेच्या वेळी, तलाठी सजाचे बाड घेऊन येई तसा नव्हे तर हातात काचेची पाटी घेऊन, एक तरुण प्रगणक आमच्या दारी आला होता. गाई किती, म्हशी किती, शेळ्या, कोंबड्या, कुत्रे आहे काय, ससे आहेत काय, असे विचारीत त्याने बोटाने एकेक रकाना सरकविला. आमच्याकडे यांपैकी काहीच नसल्यामुळे प्रत्येक ठिकाणी शून्य पडत गेले. मांजरी उंबऱ्यावर त्याच्या बुटाला अंग घासत उभी होती. मी तिच्याकडे बोट दाखविले. त्याने पाटीवर वरपासून खालपर्यंत पुन्हा एकदा पाहिले, मांजराचा रकानाच नाही म्हणाला, आणि वाकून तिच्या डोक्यावरून हात फिरवून शेजारच्या दाराकडे गेला.